मूठभर फाशांचे दशक

तीन फासे एकदम टाकले तर 9 ही बेरीज 25 प्रकारे येते आणि 10 ही 27 प्रकारे. गॅलिलिओने हे मांडून दाखवले होते. 1974 मध्ये 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा पात्रे रंगवण्याचा खेळ आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी पात्राचे बळ-बुद्धी याच तीन फाशांवर सोपवले. 18 पडण्याची वाट एकच, 216 पैकी. पुढची बरीच वर्षे चटकन ओलांडता येतात. वीस पैलूंच्या फाशावर प्रत्येक आकड्याला 5 टक्के. शाळकरी मुलालाही जमेल असा तो हिशेब.

खरी गंमत आणि खरा घोटाळा नव्वदच्या दशकातला. एका फाशाऐवजी मूठभर फासे टाकायचे आणि त्यांतली यशे मोजायची, ही टूम तेव्हा फोफावली. दशकाच्या उंबरठ्यावरच, 1989 च्या 'शॅडोरन'मध्ये 6 पडला की तोच फासा पुन्हा टाकून बेरीज करायची असे. परिणामी 6 गाठणे आणि 7 गाठणे यांत फरकच उरला नाही: 6 नंतर काहीही पडले तरी 7 होतातच. दोन्हींची शक्यता सहात एक. काठिण्य, म्हणजे गाठायचा आकडा, वाढवले, पण काम कठीण झालेच नाही.

1991 च्या 'व्हॅम्पायर: द मॅस्करेड'ने याहून मोठी चूक केली. दहा पैलूंचे फासे. प्रत्येक 1 एक यश खोडतो. खोडूनही एके उरले तर फजिती. काठिण्य 10 धरले तर एका फाशाला फजितीची शक्यता 10 टक्के, दोन फाशांना 17, तिनांना 22. यशाची शक्यताही नेमकी तेवढीच. निष्णाताच्या हाती फासे जास्त; म्हणजे नवशिक्यापेक्षा निष्णात माणूस जास्त वेळा तोंडावर आपटणार! पुस्तक देखणे होते. वीस ओळींचे कोष्टक मात्र कोणी मांडलेले दिसत नाही. 1998 च्या सुधारित आवृत्तीत एकही यश नसेल तरच फजिती, असा नियम झाला. तीन फाशांचा आकडा त्याने 22 वरून 21.7 वर आला, इतकेच.

त्याच दशकात स्टेफन ओ'सलिव्हन यांचा 'फज' आला. अधिक, उणे आणि कोरे अशा खुणांचे चार फासे, 81 शक्यता, त्यांत शून्य 19 वेळा. डोळ्यांपुढे सगळी उतरंड उभी राहते. एवढी स्वच्छ रचना त्या काळात विरळाच. 2003 मध्ये 'सॅव्हेज वर्ल्ड्स'ने 'शॅडोरन'ची जुनीच चूक पुन्हा केली: फासा एकटा धरला तर 6 गाठायला चार पैलूंचा (18.75 टक्के) सहा पैलूंच्या फाशापेक्षा (16.67 टक्के) बरा.

आता संगणक क्षणात स्तंभालेख काढतो. 2014 च्या 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'मधला दोन फाशांतला मोठा घेण्याचा नियम 11 गाठण्याची शक्यता 50 वरून 75 टक्क्यांवर नेतो, हे कळायला कागद लागत नाही. पण यंत्र विचारले तेवढेच सांगते. फासे वाढले की फजिती वाढते का, हा प्रश्न आपणच विचारावा लागतो.

नवा नियम रचणाऱ्याने आधी तीन फाशांचे कोष्टक एकदा हाताने मांडावे. ओळी सोळाच आहेत, आणि त्यांतल्या आठ मांडल्या की उरलेल्या आठ उलट्या क्रमाने त्याच येतात.