छायाचित्राखालचे नाव

शाळांची वार्षिके चाळून पाहिली असता एक गोष्ट सहज ध्यानात येते. वर्गाच्या किंवा शिक्षकवृंदाच्या छायाचित्राखाली नावांची लांबलचक यादी असते. खुर्चीवर बसलेले, त्यांच्या मागे उभे असलेले, पुढे जमिनीवर बैठक मारलेले, सर्व डावीकडून उजवीकडे. घंटा देणाऱ्या शिपायाचे नावही पुष्कळदा असते, आणि ते असावे हे योग्यच आहे. नसते ते एकाच इसमाचे. ज्याने ते चाळीस चेहरे उन्हात एका ठिकाणी आणून उभे केले, मागच्या रांगेतील उंच मुलास दोनदा बाजूस सरकविले, हसणाऱ्यास गप्प केले व रुसलेल्यास हसविले, आणि मग कळ दाबली, त्याचे नाव कोठेच नसते. तो चित्राच्या बाहेर उभा होता, म्हणून जणू तो तेथे नव्हताच, असे आपण धरून चालतो.

हल्ली ही उपेक्षा फार वाढली आहे. बहुतेक घरी मोबाइल आहे आणि चित्र हवे झाले की ते क्षणात सापडते. विद्यार्थी प्रकल्पाच्या वहीत किंवा भित्तिपत्रकात ते चिकटवितात व खाली लिहितात, ‘गूगलवरून साभार’. हे लिहिणारा विद्यार्थी प्रामाणिकच असतो, त्याच्या मनात चोरी नसते. तथापि गूगल कधी कॅमेरा घेऊन कंधारच्या किल्ल्यावर चढलेले नाही, की होट्टलच्या मंदिरासमोर ऊन कलण्याची वाट पाहत बसलेले नाही. मिरची कोठली, असे विचारल्यावर ‘बाजारातली’ एवढेच उत्तर कोणी दिले, तर धर्माबादचा कोणताही अडत्या हसेल. माल कोणत्या गावचा व कोणाच्या शेतातला, हे कळल्यावाचून तो त्यास हात लावणार नाही. चित्राच्या बाबतीत मात्र ‘बाजारातले’ हे उत्तर आपणांस पुरते.

छायाचित्रकाराचे नाव लिहिणे हा केवळ शिष्टाचार आहे, अशी समजूत सर्वत्र आढळते. आमच्या मते ती अपुरी आहे. ते नाव म्हणजे साक्षीदाराची सही होय. हा मनुष्य अमुक दिवशी अमुक ठिकाणी उभा होता व त्याने हे डोळ्यांनी पाहिले, असे ती सही सांगते. सही पुसली म्हणजे कागद उरतो, साक्ष उरत नाही.

याचे उत्तम उदाहरण आपणांस परक्या मुलखात शोधावयास नको. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत धर्माबाद निजामाच्या राज्यात होते, आणि त्या राज्याच्या दरबारी हिंदुस्थानातील एक अत्यंत नामांकित छायाचित्रकार होऊन गेला. राजा दीनदयाळ यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे झाला. रुडकीच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नकाशे व अंदाजपत्रके करण्याच्या नोकरीस लागले. १८७४ च्या सुमारास, म्हणजे तिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी कॅमेरा हाती घेतला. त्या काळची रीत मोठी कष्टाची होती. काचेवर चिकट द्रावण पसरावयाचे, ती काच रुप्याच्या क्षारात बुडवावयाची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालून चित्र घ्यावयाचे, आणि ती वाळण्याच्या आत अंधाऱ्या तंबूत धुऊन काढावयाची. दौऱ्यावर निघावयाचे म्हणजे तंबू, रसायने व जड काचा यांचे ओझे बरोबर वागवावे लागे. असे ओझे घेऊन ते १८८२ साली सर लेपेल ग्रिफिन यांच्यासमवेत मध्य हिंदुस्थानात हिंडले. १८८६ साली ग्रिफिन यांचा तेथील प्रसिद्ध वास्तूंवरील ग्रंथ निघाला, त्यातील चित्रे दीनदयाळांची आहेत.

पुढे सिकंदराबादेस व मुंबईस त्यांचे स्टुडिओ झाले. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी १८९४ साली त्यांस ‘राजा बहादूर मुसव्विर जंग’ हा किताब दिला, आणि १८९७ साली व्हिक्टोरिया राणीकडूनही त्यांच्या नावे नेमणूकपत्र आले. मुसव्विर म्हणजे चित्रे काढणारा. चित्र काढणाऱ्यास त्याच्या कामाच्याच नावाने सरदारकी मिळावी, ही गोष्ट आम्हांस त्या किताबाहूनही मोठी वाटते.

परंतु आमच्या विषयास महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. दीनदयाळ आपल्या काचांवर क्रमांक घालीत, स्थळ लिहीत व पुष्कळ ठिकाणी आपले नावही घालीत. ते १९०५ साली वारले. त्यांच्या काचांपैकी २,८५७ काचा १९८९ साली दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राने मिळविल्या. त्या क्रमांकांवरून व नावांवरून कोणता वाडा कोठला, कोणता दरबार कोणाचा, हे अभ्यासकांस लावता येते. निजामाच्या राज्यातील लोकोपयोगी कामांचीही चित्रे त्यांच्या संस्थेने घेतली. औरंगाबादेकडील दुष्काळ-निवारणाची चित्रे त्यांतलीच आहेत. मराठवाड्याच्या त्या हलाखीचा पुरावा म्हणून आज ती पाहता येतात, कारण ती कोणी व कोठे घेतली, हे त्यांच्यासोबत टिकून राहिले.

याच्या उलट स्थिती कशी होते ते पाहा. मद्रास इलाख्यात १८७६ ते १८७८ या काळात भयंकर दुष्काळ पडला. तेव्हा विलोबी वॉलेस हूपर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने अस्थिपंजर झालेल्या माणसांची छायाचित्रे घेतली. तीच चित्रे हल्ली हूपरचे नाव गळून, कधी १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाची म्हणून, तर कधी आणखी तिसऱ्याच दुष्काळाची म्हणून हातोहात फिरताना आढळतात. नाव गळाले की साल गळते, साल गळाले की गाव गळते. मग ज्या माणसांनी त्या यातना भोगल्या, त्यांच्या यातनाही दुसऱ्याच कोणाच्या नावावर जमा होतात. छायाचित्रकारावर अन्याय झाला एवढेच म्हणून येथे भागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या परिसरात जो भूकंप झाला, त्यात घरदार गमावलेली कुटुंबे आपल्या भागात आहेत. पडक्या घराचे कोणतेही एक चित्र घेऊन त्याखाली ‘किल्लारी’ असे लिहून दिले, तर त्या कुटुंबांस काय वाटेल, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

आता एक अडचण. चित्राखाली जे नाव आहे तेच नेहमी कळ दाबणाऱ्याचे असते, असेही नाही. दीनदयाळांच्या संस्थेत त्यांचे पुत्र व पुष्कळ सहायक काम करीत, आणि चित्र बाहेर पडे ते संस्थेच्या नावाने. १८९२ साली हैदराबादेत त्यांनी पडदानशीन स्त्रियांकरिता स्वतंत्र स्टुडिओ उघडला. तेथील काम मिसेस केनी-लेव्हिक या इंग्रज बाईंकडे होते. ते नाव आज किती जणांस ठाऊक आहे? मुंबईच्या होमाई व्यारावाला यांची कथा अधिक अलीकडची आहे. सर जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या या बाईंची आरंभीची छायाचित्रे त्यांचे पती माणेकशा यांच्या नावाने छापली जात. तरुण स्त्री वृत्तपत्रासाठी छायाचित्रे घेते, हे तेव्हा लोकांस पटण्यासारखे नव्हते. ज्यांच्या नजरेतून आपण स्वातंत्र्याच्या वेळची दिल्ली पाहतो, त्यांत होमाईबाई अग्रभागी आहेत. त्यांस पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या सत्त्याण्णवाव्या वर्षी, आणि पुढल्याच जानेवारीत त्या वारल्या. तेव्हा जेथे संस्थेचेच नाव आहे तेथे संस्थेचे लिहावे, पण प्रत्यक्ष घेणाऱ्याचे नाव कळल्यास ते गाळू नये. पतीचे, वडील भावाचे किंवा दुकानाच्या मालकाचे नाव सोयीचे म्हणून तर मुळीच घालू नये.

कायदा काय म्हणतो, हेही पालकांस ठाऊक असलेले बरे. ब्रिटिश अमदानीतील कायद्याप्रमाणे मूळ निगेटिव्ह ज्याच्या मालकीची, तोच छायाचित्राचा कर्ता मानला जाई. स्वतंत्र भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट अधिनियमाने ही दृष्टी बदलली. जो चित्र घेतो तो कर्ता, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. २०१२ च्या दुरुस्तीपासून छायाचित्राचा हक्क कर्त्याच्या हयातीत व मृत्यूनंतर साठ वर्षे राहतो. शाळेने पैसे देऊन छायाचित्रकारास बोलाविले व दुसरा काही करार केला नाही, तर त्या चित्राचा हक्क शाळेकडे येतो. येथेच पुष्कळांची गफलत होते. हक्क शाळेचा झाला तरी कर्तृत्व विकले जात नाही. त्याच अधिनियमाच्या ५७ व्या कलमाप्रमाणे ‘हे माझे काम आहे’ असे म्हणण्याचा अधिकार, हक्क दुसऱ्यास दिल्यावरही, कर्त्याकडेच राहतो. शिकविण्याच्या ओघात शिक्षकास व विद्यार्थ्यास चित्रे वापरण्याची सवलत कायद्याने दिली आहे. तथापि छापून घरोघर वाटावयाचे वार्षिक त्या सवलतीत बसेलच, असे समजून चालू नये.

त्याचप्रमाणे नाव आणि परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नाव लिहिले म्हणून परवानगी मिळाली असे होत नाही, आणि परवानगी मिळाली म्हणून नाव गाळता येत नाही. दीनदयाळांच्या चित्रांवरील हक्काची मुदत केव्हाच संपली. ती कोणासही छापता येतील, परंतु नाव त्यांचेच लिहावे लागेल. विकिमीडिया कॉमन्ससारख्या संग्रहांत चित्रे वापरू देण्याच्या अटी चित्राजवळच दिलेल्या असतात. बहुधा त्या एवढ्याच असतात की कर्त्याचे नाव लिहा, कोणत्या परवान्याखाली ते दिले आहे ते लिहा, आणि चित्रात काही बदल केला असल्यास तसे सांगा. फुकट मिळालेल्या वस्तूची एवढी किंमत जड नाही.

लिहावयाचे कसे, असे विचाराल तर त्यात काही गूढ नाही. चित्रात काय आहे, कोठले आहे, केव्हाचे आहे, हे आधी. मग ‘छायाचित्र’ असा शब्द घालून घेणाऱ्याचे पूर्ण नाव. चित्र एखाद्या संग्रहातून घेतले असेल तर त्या संग्रहाचे नाव त्यानंतर. शोध करूनही नाव न सापडल्यास ‘छायाचित्रकार अज्ञात’ असे लिहावे व चित्र कोठे मिळाले ते सांगावे. अज्ञात म्हणणे यात कमीपणा नाही, मात्र शोध न करताच तसे म्हणणे हा आळस होय. नुसते ‘साभार’ लिहू नये, कारण आभार कोणाचे तेच त्यात राहून जाते. आणि चित्राच्या कोपऱ्यात कोणी आपले नाव घातले असेल तर ते कापून टाकू नये. हे कापण्याचे कौशल्य आमच्या काही विद्यार्थ्यांस फार लवकर साधते, असे आम्ही पाहिले आहे.

पालकांस एक विनंती आहे. घरोघरी भिंतीवर आजोबा-पणजोबांची छायाचित्रे असतात. ती जुन्या जाड पुठ्ठ्यावर चिकटविलेली असतात, आणि त्या पुठ्ठ्याच्या खालच्या कडेस किंवा पाठीवर स्टुडिओचे नाव व गाव उठविलेले असते. नवी चौकट करताना कारागीर ती कडा कापून टाकतो, कारण ती चौकटीत बसत नाही. त्यास आधी सांगून ठेवावे की चौकट मोठी झाली तरी चालेल. कडा कापलीच गेली असेल, तर तो तुकडा चित्राच्या पाठीमागे पाकिटात घालून ठेवावा. घरातील वडील मंडळींस विचारून माणसांची नावे, गाव व साल ही पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने हलक्या हाताने लिहावी. शाईचे पेन वापरू नये, ते पुढल्या बाजूस उमटते. आणि चित्रावर दाबून लिहू नये, नाहीतर आजोबांच्या कपाळावर अक्षरे उठतात.