परदेशवाट, लेखांक ५ : मधल्या विमानतळाचा व्हिसा

पासपोर्टवरच्या नावांचे घोळ मागच्या आठवड्यात निस्तरले. आता वाटेतला थांबा. मुलगा बोस्टनहून आईवडिलांना तिकीट पाठवतो, त्यात मुंबईनंतर फ्रँकफर्ट, लंडन नाहीतर दोहा असतं. मग जळगावात काय नि धुळ्यात काय, घरोघरी एकच प्रश्न : तिथलाही व्हिसा काढायचा का?

आधी तिकीट बघा. सगळा प्रवास एकाच तिकिटावर असेल, तर बहुधा मुंबईतच बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लागतो आणि तुम्ही मधल्या विमानतळाच्या आतल्या आतच विमान बदलता. काउंटरवर टॅगवरची तीन अक्षरं स्वतः वाचा. बोस्टनसाठी ‘बीओएस’. शेवटचं ठिकाण म्हणून ‘एफआरए’ छापलेलं दिसलं, तर बॅग फ्रँकफर्टला पट्ट्यावर येणार. आतले बिबडे आणि कळण्याचं पीठ सोडवायला तुम्हाला जर्मनीत शिरावं लागणार, आणि त्याला युरोपातल्या बहुतेक देशांचा सामाईक असा शेंगेन व्हिसा हवा. चार पैसे वाचवायला दोन वेगळी तिकिटं जोडणाऱ्यांची इथेच फजिती होते. युरोपात दोन थांबे घेतले तरी तेच. फ्रँकफर्टहून लिस्बन म्हणजे शेंगेनच्या आतला प्रवास, त्यामुळे शिक्का पहिल्याच ठिकाणी.

दोहा, दुबई, अबुधाबीला आतल्या आत विमान बदलणाऱ्या भारतीयांना व्हिसा लागत नाही. आखाती मार्ग लोकप्रिय आहे तो उगाच नाही. लंडनला मात्र आतल्या आत थांबायलाही ट्रान्झिट व्हिसा मागतात. पासपोर्टवर अमेरिकेचा किंवा कॅनडाचा चालू व्हिसा असेल तर सूट मिळते. जर्मनीचंही असंच होतं. जानेवारी २०२६मध्ये त्यांनी भारतीयांसाठी ही अट काढत असल्याचं जाहीर केलं. तरी तिकीट काढण्याच्या दिवशी लागू असलेला नियम वकिलातीच्या संकेतस्थळावर पाहाच. व्हिसाची मुदत संपलेली असेल, तर सूट गृहीत धरू नका.

अमेरिकेत आतल्या आत हा प्रकारच नाही. न्यूयॉर्कमार्गे टोरंटोला जायचं तरी अमेरिकेचा व्हिसा हवा, बॅगही तिथे उतरवून पुन्हा द्यायची. नातवाला भेटायला निघालेल्या आजीला हे कोणी आधी सांगत नाही.

अडवणूक बहुतेक वेळा मुंबईच्या काउंटरवरच होते. कागद नसलेला प्रवासी नेला तर अनेक देश विमान कंपनीला दंड करतात आणि परत आणण्याचा खर्चही तिच्याच माथी मारतात. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसून आलेल्या माणसाशी तिथल्या मुलीने घातलेली हुज्जत त्या दंडापोटी असते. तिच्यावर चिडून उपयोग नाही.

थांबा लांबलचक असेल आणि बाहेर पडून शहर बघायचं असेल, तर हिशेब निराळा. सिंगापूर भारतीयांना ९६ तास बिनव्हिसा फिरू देतं. अट अशी, की अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया अशा ठरावीक देशांपैकी एकाचा चालू व्हिसा आणि पुढचं तिकीट हाताशी हवं. चीनने १७ डिसेंबर २०२४पासून ठरावीक देशांच्या नागरिकांना २४० तास दिले, त्या यादीत अमेरिका आहे, भारत नाही. म्हणजे अमेरिकन पासपोर्टवाला नातू शांघायमध्ये फिरून येईल आणि भारतीय पासपोर्टवाले आजीआजोबा २४ तासांच्या सवलतीवर बहुधा विमानतळातच बसतील.

पुढच्या आठवड्यात प्रवासविमा.