‘टेरर’ जहाजाची हकीकत

लढाऊ जहाज म्हटले की आपल्याला वाटते, ते वेगाने धावणार आणि भर समुद्रात लढणार. पण काही लढाऊ जहाजांचे काम निराळे होते. किनाऱ्याजवळ जायचे आणि जमिनीवरच्या शत्रूवर तोफा डागायच्या. अशा जहाजाला मॉनिटर म्हणत. इंग्रजांच्या ‘टेरर’ नावाच्या मॉनिटरची हकीकत आम्ही येथे सांगतो. टेरर म्हणजे दहशत.

हे जहाज १९१६ साली, पहिल्या महायुद्धात तयार झाले. किनाऱ्याजवळ पाणी उथळ असते. मोठे जहाज तेथे रुतते. म्हणून टेररचा तळ परातीसारखा चपटा केला. लांबी ४०० फूट, पण पाण्यात बुडे ते जेमतेम १२ फूट. त्यावर दोन प्रचंड तोफा होत्या. तोफेचे तोंड १५ इंचांचे. एक गोळा सुमारे ८७० किलोंचा. म्हणजे शंभर किलोची जवळजवळ नऊ पोती! चाल मात्र मंद. चांगला सायकलवाला बरोबरीने जाईल एवढीच.

जहाजाच्या दोन्ही कुशींना पोकळ कप्पे होते. ते कशासाठी? टॉर्पेडो नावाचा बॉम्ब पाण्याखालून धावत येतो आणि जहाजाला भोक पाडतो. त्याचा स्फोट बाहेरच्या कप्प्यात जिरावा आणि आतले जहाज वाचावे, ही युक्ती. ती खरी ठरली. १९ ऑक्टोबर १९१७ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ टेररवर तीन टॉर्पेडो आदळले. तरी ते बुडाले नाही. दुरुस्त होऊन पुढच्याच वर्षी पुन्हा लढाईत उतरले.

मग दुसरे महायुद्ध आले. इटलीच्या फौजा ईजिप्त देशात घुसल्या होत्या. डिसेंबर १९४० मध्ये त्यांच्यावर हल्ला झाला. त्यात आपल्या देशातले जवानही होते. हिंदी फौजेची चौथी डिव्हिजन तेथे लढली. हल्ल्याच्या आदल्या रात्री टेररने समुद्रातून शत्रूच्या छावणीवर गोळे टाकले. पुढे सोलुम बंदर हाती आले. मुलूख वाळवंटाचा, पाण्याची मोठी टंचाई. तेव्हा याच जहाजाने फौजेसाठी पिण्याचे पाणी वाहून नेले. तोफ झाली, आता घागर झाले!

फेब्रुवारी १९४१ मध्ये टेरर लिबियातल्या बेनगाझी बंदरात होते. शत्रूची विमाने रोज येत. त्यांना अडवायला पुरेशी विमाने वा तोफा तेथे नव्हत्या. कप्तान हेन्स यांनी वरिष्ठांना कळवले की, असेच चालले तर आज ना उद्या बॉम्ब जहाजावर पडणारच. जहाजाला निघण्याचा हुकूम मिळाला. पण उशीर झाला होता. वाटेत पाणसुरुंग फुटले, वरून पुन्हा विमाने आली. २४ फेब्रुवारीला टेरर बुडाले.

तीन टॉर्पेडो पचवणारे जहाज बॉम्बने का बुडाले? कुशीचे कप्पे पाण्यातल्या माराकरिता होते. ते बांधले तेव्हा आकाशाची भीती लहान होती. पंचवीस वर्षांत ती मोठी झाली. जहाज मात्र तेच राहिले. कप्तानाने धोका ओळखला होता. जागेवरचा माणूस सांगतो ते वेळेवर ऐकावे, हे या हकीकतीवरून आपण ध्यानात ठेवावे.