नाव आधी, पत्ता मागाहून

लिनक्सवर चालणारा संगणक बंद झाला की त्याच्या स्मृतीतून त्याचे स्वतःचे नावही पुसले जाते आणि पुढच्या वेळी ते त्याला नव्याने द्यावे लागते, ही गोष्ट रोज संगणक हाताळणाऱ्यांच्याही सहसा ध्यानात येत नाही. या नावाला होस्टनेम म्हणतात. कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, स्मृतीत उतरतो तेव्हा नावाच्या जागी बहुधा कंसातला 'नन' एवढाच शब्द असतो. एखाद्या लहान उपकरणात नाव द्यायचे राहूनच गेले, तर लॉगिनच्या ओळीवरही तोच शब्द उमटतो आणि चूक कुठे आहे हे जाणकाराला तेवढ्यावरून कळते.

कर्नलला नाव कळवण्याची 'सेटहोस्टनेम' हा सिस्टम कॉल, म्हणजे प्रोग्रामने कर्नलकडे करायची विनंती, १९८३ च्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीपासून चालत आला आहे. त्याच वर्षी पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएसचा, म्हणजे नावावरून पत्ता शोधण्याच्या विकेंद्रित व्यवस्थेचा, आराखडा मांडला. त्याआधी अर्पानेटवरील, म्हणजे इंटरनेटच्या पूर्वज जाळ्यावरील, यंत्रांची नावे एसआरआय या संस्थेने सांभाळलेल्या एकाच फाइलमध्ये नोंदली जात आणि ती फाइल सर्वांनी उतरवून घ्यावी लागे. नावात रोमन अक्षरे, अंक आणि संयोगचिन्ह एवढेच चालेल, हा दंडक त्या काळातला आहे. लिनक्सचा कर्नल नावाला ६४ वर्णांपर्यंत जागा देतो.

नाव कोणत्या फाइलमधून वाचायचे याबाबत मात्र दीर्घकाळ एकवाक्यता नव्हती. डेबियन हे लिनक्स वितरण 'इटीसी' निर्देशिकेतील 'होस्टनेम' ही फाइल वाचत असे, रेड हॅट या वितरणात ते 'सिसकॉन्फिग'खालच्या 'नेटवर्क' फाइलमध्ये असे, तर ओपनबीएसडी या कार्यप्रणालीत आजही 'मायनेम' नावाची फाइल आहे. २०१० मध्ये आलेल्या सिस्टमडीने, म्हणजे कर्नलनंतर सर्वप्रथम चालू होऊन इतर सेवा उभ्या करणाऱ्या प्रोग्रामने, डेबियनची रीत उचलली आणि ती बहुतेक लिनक्स वितरणांत रुळली, हे चांगलेच झाले. सिस्टमडी आधी बूट करतानाच्या आज्ञेत नाव दिले आहे का ते पाहतो, नसल्यास 'होस्टनेम' फाइलमधील ओळ घेतो, तीही नसेल आणि कर्नलकडे आधीचे नाव नसेल, तर ठरलेले पर्यायी नाव, बहुधा 'लोकलहोस्ट', लावतो.

हे सारे नेटवर्क कार्ड जागे होण्यापूर्वीच उरकते, आणि मुद्दा नेमका इथेच आहे. नाव यंत्राच्या स्वतःच्या डिस्कवरून येते. पत्ता मागाहून, बहुधा डीएचसीपीकडून, म्हणजे जाळ्यावरील यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून, मिळतो. डीएचसीपी नावही सुचवू शकते, पण फाइलमध्ये कायमचे नाव लिहिलेले असेल तर सिस्टमडीच्या व्यवस्थेत सामान्यतः तेच टिकते. या दोन गोष्टी एकच समजल्या की घोटाळा होतो: 'होस्टनेम' फाइलमधील नाव बदलले, पण नाव आणि पत्ता यांची जोडी नोंदणाऱ्या 'होस्ट्स' फाइलमध्ये जुनेच राहिले, तर 'सुडो'सारखी साधी आज्ञासुद्धा नाव सापडत नसल्याची तक्रार करते. डेबियन याचसाठी 'होस्ट्स'मध्ये १२७.०.१.१ या पत्त्यासमोर यंत्राचे नाव लिहून ठेवते. नाव बदलणाऱ्याने दोन्ही फाइली एकाच बैठकीत दुरुस्त कराव्यात. पुढचे अनेक तास त्यातून वाचतात.

नाव यंत्राच्या देहाला चिकटलेले नसते, हे कंटेनरमध्ये, म्हणजे एकाच कर्नलवर प्रोग्राम चालवण्यासाठी केलेल्या अलग कप्प्यांमध्ये, अधिकच उघड होते. २००६ च्या २.६.१९ या आवृत्तीपासून लिनक्समध्ये एकाच कर्नलवर अनेक स्वतंत्र नावे नांदू शकतात, आणि म्हणूनच एका यंत्रातील प्रत्येक कंटेनर स्वतःला वेगळ्या नावाने ओळखतो.

रोमन लिपीचा दंडक जाळ्यावरील नावापुरताच आहे. 'होस्टनेमसीटीएल' या आज्ञेने माणसांना वाचण्यासाठीचे एक वेगळे, सजवलेले नाव ठेवता येते. त्यात देवनागरी चालते, मोकळ्या जागाही चालतात, आणि ते 'मशीन-इन्फो' या फाइलमध्ये राहत असल्यामुळे संगणक बंद केला तरी पुसले जात नाही.