नभोवाणी आणि आजचा विद्यार्थी

ठाणे जिल्ह्यातील प्राथमिक शाळांची परिस्थिती एकसारखी नाही. कल्याण-डोंबिवलीतील विद्यार्थ्याच्या घरी भ्रमणध्वनी हा नित्याचा सोबती असतो. गाणे, गोष्ट, खेळ व चित्रपट त्याला हव्या त्या क्षणी मिळतात. त्याच जिल्ह्यातील शहापूर-मुरबाडच्या कित्येक पाड्यांवर मात्र घरातील एकुलता भ्रमणध्वनी वडिलांबरोबर कामावर जातो. पहिल्या विद्यार्थ्याला नभोवाणीची गरज वाटत नाही. दुसऱ्याला तिचा उपयोग होण्यासारखा असूनही ती त्याच्याशी क्वचितच बोलते. ह्या दोघांनाही नभोवाणी आपली कशी वाटेल, हा प्रश्न केवळ प्रक्षेपण केंद्रांचा नसून शाळांचाही आहे.

पूर्वीचा बालश्रोता

मुंबईत २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले. १९३७ पासून मुंबईसह काही मोजक्या केंद्रांवरून शाळांसाठी नियमित कार्यक्रम होऊ लागले. पुढे मुंबई केंद्राच्या ‘गंमतजंमत’ने आणि १९५३ साली सुरू झालेल्या पुणे केंद्राच्या ‘बालोद्यान’ने अनेक मराठी मुलांना ठरलेल्या वेळी यंत्रापाशी येऊन बसावयास लावले.

ह्या लोकप्रियतेची कारणे दोन होती. एक तर घरात रेडिओ यंत्र एकच असे आणि त्याचा परवाना टपाल कचेरीतून काढावा लागे. करमणुकीची अन्य साधने थोडी असल्यामुळे जे लागेल ते मुले ऐकत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. त्या कार्यक्रमांत मुलांशी मोठ्या माणसाने आपुलकीने बोलावे तसे बोलले जाई, आणि गाणारी, नाटुकली करणारी व गोष्ट सांगणारी मुलेच असत. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत दूरदर्शन आले, १९९३ मध्ये एफ.एम. वाहिनीवर खाजगी कार्यक्रम सुरू झाले, आणि त्यानंतर भ्रमणध्वनीने प्रत्येकाच्या हाती स्वतंत्र निवड दिली. पहिले कारण त्यामुळे कायमचे संपले. दुसरे मात्र कोणत्याही काळात पुन्हा निर्माण करता येते.

पुण्याचा १९५६ चा प्रयोग

श्रोत्याला बोलते केल्याने काय साधते, ह्याचा महाराष्ट्रातच झालेला एक प्रयोग शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साहाय्याने सुमारे १५० गावांत शेतकऱ्यांची श्रोतृमंडळे स्थापन केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम होई. सुमारे वीस ग्रामस्थ एकत्र बसून तो ऐकत, लगेच त्यावर चर्चा करीत आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवीत. पुढील कार्यक्रमांतून त्यांची उत्तरे दिली जात.

तुलनेसाठी आणखी काही गावे निवडली होती. त्यांपैकी काहींत यंत्र होते, परंतु मंडळ नव्हते. प्रयोगानंतरच्या तपासणीत असे आढळले की, मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या माहितीत मोठी भर पडली. नुसते यंत्र असलेल्या गावांत ती अगदीच अल्प होती. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो एकत्र बसण्याने, विचारण्याने आणि विचारलेल्याचे उत्तर परत ऐकू येण्याने. प्रौढांच्या बाबतीत जे खरे ठरले, ते मुलांच्या बाबतीत अधिकच खरे मानावयास हवे. कारण नुसते स्वस्थ बसून ऐकणे हे मुलाच्या प्रकृतीतच नसते.

ऐकता ऐकता उत्तर देणे

हेच तत्त्व मध्य अमेरिकेतील निकाराग्वा ह्या देशात १९७४ पासून काही वर्षे चाललेल्या गणिताच्या नभोवाणी पाठांत वापरले गेले. पाठातील आवाज प्रश्न विचारी आणि थोडा वेळ थांबे. वर्गातील मुले मोठ्याने उत्तर देत, कधी वहीत आकडा लिहीत, कधी खडे मोजीत. नंतर आवाज बरोबर उत्तर सांगे. अशी देवाणघेवाण एकेका पाठात अनेक वार होई. नेहमीच्याच पद्धतीने शिकणाऱ्या मुलांपेक्षा ह्या वर्गांतील मुलांची गणितातील प्रगती अधिक झाल्याचे दिसून आले. पाठ लिहिणाऱ्याने मुलांसाठी राखून ठेवलेली शांतता हा त्या पाठाचाच भाग होता. मुलांच्या बहुतेक नभोवाणी कार्यक्रमांत नेमकी हीच जागा राखलेली नसते.

शाळा बंद होत्या तेव्हा

२०२० साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद पडल्या, तेव्हा मागे पडलेले हे साधन पुन्हा आठवले. नागपूर आकाशवाणीवरून ‘प्रथम’ संस्थेच्या सहकार्याने ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. घरच्या घरी करता येतील असे उपक्रम त्यातून सुचविले जात, आणि मुलांचे व पालकांचे आवाजही त्यात ऐकू येत. नाशिक येथे ‘रेडिओ विश्वास’ ह्या सामुदायिक केंद्राने जिल्हा परिषद व महानगरपालिका शाळांतील तिसरी ते दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी शिक्षकांच्या आवाजातील पाठ प्रक्षेपित केले. आपल्याच भागातील गुरुजी वा बाई रेडिओवर बोलत आहेत, ह्याचे आकर्षण कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक असते.

लहरींचे गुणधर्म

ह्या साधनाचे सामर्थ्य आणि त्याची मर्यादा दोन्ही शिक्षकास ठाऊक असावीत. एका प्रक्षेपकाचा कार्यक्रम दहा जणांनी ऐकला काय अथवा दहा हजारांनी ऐकला काय, प्रक्षेपणाचा खर्च तोच राहतो, आणि ऐकणाऱ्यास दरवेळी पैसे मोजावे लागत नाहीत. मध्यमलहरींची लांबी शेकडो मीटर असल्यामुळे त्या जमिनीच्या उंचसखलपणास फारशा न जुमानता दूरवर पोहोचतात. एफ.एम.च्या लहरी सुमारे तीन मीटर लांबीच्या असून जवळजवळ सरळ रेषेत जातात. त्यांचा ध्वनी स्वच्छ असतो, परंतु माहुलीच्या किंवा माळशेजच्या डोंगरांआड त्या क्षीण होतात. म्हणून डोंबिवलीत खणखणीत लागणारी वाहिनी दूरच्या पाड्यावर लागेलच असे नाही.

संकटकाळी ह्या साधनाचे मोल विशेष जाणवते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मुंबईच्या व ठाणे-कल्याणच्या परिसरात रेल्वे थांबली, वीज गेली, भ्रमणध्वनी मुके झाले. अशा वेळी विजेरीवर चालणारा छोटा रेडिओ हाताशी असणे हाच मोठा आधार ठरतो. उल्हास नदीच्या काठी राहणाऱ्या मुलास तो कसा लावावा व त्यावरील सूचना कशी ऐकावी, हे शाळेतच शिकविले पाहिजे.

जिल्ह्याचा स्वतःचा आवाज

सामुदायिक नभोवाणीची परवानगी भारतात प्रथम शिक्षणसंस्थांना व २००६ पासून नोंदणीकृत सेवाभावी संस्थांनाही मिळू लागली. अशा केंद्राची शक्ती साधारणपणे १०० वॉटपर्यंत आणि टप्पा दहा-पंधरा किलोमीटरचा असतो. निम्मे तरी कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हावेत, अशी अट आहे. ही अट बंधन न समजता तिचा लाभ करून घ्यावा.

विषयांना तोटा नाही. भातसा व तानसा हे जलाशय ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरची वाट पाहिली जाते. हे असे का, हा प्रश्न पाचवीतील मुलगी आपल्या आजीला, ग्रामसेवकाला व शिक्षकाला विचारून ध्वनिमुद्रित करू शकते. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास आलेल्या पहिल्या गाडीपासून आजच्या उपनगरी गर्दीपर्यंतची हकीकत कल्याणची मुले रेल्वेतील माणसांच्या तोंडून मिळवू शकतात. डोंबिवलीच्या मुलाने पाड्यावरील पाण्याची कथा ऐकली आणि पाड्यावरील मुलीने लोकलची, तर एका जिल्ह्यात राहून परस्परांस अपरिचित असलेली ही मुले एकमेकांना ओळखू लागतील.

येथे बोलीचा प्रश्न उपस्थित होतो. आगरी, वारली, ठाकरी व कातकरी बोलणारी मुले ह्या जिल्ह्यात आहेत. ज्या मुलाला आपली घरची बोली रेडिओवर कधीच ऐकू येत नाही, ते मूल आपली बोली चारचौघांत बोलण्याजोगी नाही असे मनाशी ठरवून टाकते, आणि हळूहळू वर्गातही गप्प बसते. हे नुकसान कोणत्याही परीक्षेत मोजले जात नाही. प्रमाण मराठीतील निवेदनाबरोबर बोलीतील गोष्टीला व आठवणीला स्थान दिल्यास भाषाशिक्षणाची हानी न होता उलट लाभच होईल.

केंद्र नसले तरी हे काम अडत नाही. मुलांनी तयार केलेला दहा मिनिटांचा कार्यक्रम शाळेच्या ध्वनिक्षेपकावरून परिपाठाच्या वेळी ऐकविता येतो, आणि त्याचे मुद्रण भ्रमणध्वनीवरून पालकांकडे पाठविता येते. शहरातील मुलाला ठरलेल्या वेळी बसविण्याचा हट्ट धरण्यापेक्षा कार्यक्रम त्याच्या सवडीने पुन्हा ऐकता येईल अशी सोय करणे शहाणपणाचे होय. आकाशवाणीच्या वाहिन्याही आता भ्रमणध्वनीवर ऐकता येतात.

वर्गातील श्रवणाची पद्धती

शिक्षकांनी पुढील क्रम ठेवावा.

१. ऐकण्यापूर्वी : विषयाची ओळख पाच मिनिटांत करून द्यावी आणि एकच प्रश्न फळ्यावर लिहावा. कठीण शब्द आधीच समजावून सांगावेत.

२. ऐकताना : कार्यक्रम दहा-पंधरा मिनिटांपेक्षा मोठा नसावा. मुद्रित कार्यक्रम असल्यास मध्येच थांबवून मुलांना उत्तर देऊ द्यावे. शिक्षकांनी त्या वेळी वह्या तपासू नयेत. गुरुजी ऐकतात असे दिसले तरच मुले ऐकतात.

३. ऐकल्यानंतर : चारपाच मुलांचे गट करून चर्चा घडवावी. न पटलेले किंवा न समजलेले काय, हे आवर्जून विचारावे.

४. उत्तर पाठविणे : वर्गाने आपले मत वा शंका केंद्राकडे अथवा कार्यक्रम तयार करणाऱ्या शाळेकडे लिहून किंवा बोलून पाठवावी, आणि आलेले उत्तर वर्गात सर्वांना ऐकवावे.

ह्यांपैकी चौथी पायरीच बहुधा गाळली जाते. पुण्याच्या त्या मंडळांना नुसत्या यंत्रापासून वेगळे केले ते ह्याच पायरीने. मुलांनी नभोवाणी ऐकावी अशी ज्यांची इच्छा असेल, त्यांनी प्रथम मुलांचे म्हणणे ऐकावयास शिकले पाहिजे. ज्या दिवशी पाड्यावरच्या एखाद्या मुलीने विचारलेला प्रश्न तिच्याच आवाजात परत येईल, त्या दिवशी तिच्या वर्गातील कोणालाही रेडिओ लावण्यास सांगावे लागणार नाही.