यकृताचे दुखणे आणि कंठातील ग्रंथी

वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून यकृताबद्दल बोलण्याचा आम्हाला अधिकार काय, असे कुणी विचारील तर तो प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नव्हे, वैद्य नव्हे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, सार्वजनिक वाचनालयात आणि कामगार विमा दवाखान्याच्या बाकावर नंबर येईपर्यंत. परंतु ज्या दुखण्यापायी कामगाराचा रोजगार बुडतो, ते दुखणे समजून घेणे हा आमच्या कामाचाच भाग आहे. आणि आम्हाला जे समजावून घ्यावे लागले ते चार लोकांना सोप्या भाषेत सांगता येत नसेल, तर ते आम्हाला समजलेच नाही असे म्हणावे लागेल.

आजचा विषय हेपॅटायटिस सी हा. हेपॅटायटिस म्हणजे यकृताचा दाह. ‘ए’ आणि ‘ई’ या जाती दूषित पाण्यातून व अन्नातून येतात, कावीळ होते आणि बहुतेक माणसे बरी होतात. ‘सी’ची रीत निराळी आहे. तो रक्तातून रक्तात जातो. न उकळलेली सुई, नीट न तपासलेले रक्त, एकाच सुईने घेतलेले नशेचे औषध, गोंदवण्याची सुई, क्वचित न्हाव्याचा वस्तरा, हे त्याचे रस्ते. बाधित मातेकडून बाळाला तो शंभरांत सुमारे पाच-सहा वेळा जातो. एका ताटात जेवल्याने, हात हातात घेतल्याने, एका यंत्रावर पाळीपाळीने काम केल्याने किंवा अंगावर पाजल्याने तो जात नाही. हे वाक्य प्रत्येक कारखान्याच्या फलकावर लिहून ठेवण्याजोगे आहे.

हा विषाणू ओळखला जायला वेळ लागला. १९७५ च्या सुमारास अमेरिकेत हार्वे ऑल्टर आणि त्यांचे सहकारी यांच्या ध्यानात आले की, रक्त दिल्यानंतर होणाऱ्या काविळीपैकी बरीचशी ‘ए’ही नव्हे आणि ‘बी’ही नव्हे. मग पुष्कळ वर्षे त्या रोगाला ‘ए नव्हे, बी नव्हे’ एवढेच नाव होते. १९८९ साली मायकेल हाउटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विषाणूचा माग काढला, आणि पुढे चार्ल्स राइस यांनी एकट्या या विषाणूनेच रोग होतो हे दाखवून दिले. या तिघांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. शोध लागल्यावर रक्ताची चाचणी आली, आणि रक्तपेढीतले रक्त पुष्कळ सुरक्षित झाले. त्यापूर्वी रक्त घेतलेल्यांनी मात्र आपली तपासणी एकदा अवश्य करून घ्यावी.

विषाणू शरीरात शिरल्यावर शंभरांतल्या सुमारे तीस जणांचे शरीर त्याला आपल्या बळावर हुसकून लावते. उरलेल्या सत्तरांच्या यकृतात तो ठाण मांडतो. यकृताच्या आतल्या भागाला वेदना कळत नाही, त्यामुळे माणूस वीस वर्षे कामावर जातो-येतो आणि आतल्या आत यकृताच्या पेशी मरत राहतात. मेलेल्या पेशींच्या जागी वण धरतो. वणावर वण साचून यकृत कठीण व गाठाळ झाले की त्याला सिऱ्हॉसिस म्हणतात. दीर्घ बाधा झालेल्यांपैकी शंभरांत पंधरा ते तीस जणांवर वीस वर्षांच्या आत ही पाळी येते. मग पोटात पाणी साठते, पाय सुजतात, रक्ताच्या उलट्या होतात, काहींना यकृताचा कर्करोग होतो. दारूने ही वाट फार जवळची होते. मात्र दारूला न शिवणाऱ्यालाही हा रोग होतो. यकृत बिघडले म्हणजे माणूस बेवडाच असला पाहिजे, हा आपल्या समाजातला समज क्रूर आहे आणि चुकीचाही आहे.

आता कंठातील ग्रंथीकडे वळू. थायरॉइड, म्हणजे अवटु ग्रंथी, ही गळ्याच्या पुढच्या बाजूस असते. वजन अवघे वीस ग्रॅमच्या आसपास. यकृत भरते सुमारे दीड किलो. पण या एवढ्याशा ग्रंथीच्या स्रावावर साऱ्या शरीराची गती अवलंबून असते. स्राव कमी पडला की माणूस मंदावतो: थंडी सोसत नाही, शौचास साफ होत नाही, त्वचा कोरडी पडते, वजन वाढते, मन उदास होते. स्राव अधिक झाला की छाती धडधडते, हात कापतात, घाम सुटतो, वजन घटते.

यकृताचा आणि या ग्रंथीचा संबंध काय? कारखान्याच्या भाषेत सांगायचे तर ग्रंथीचे खाते मुख्यतः अर्धतयार माल काढते. त्याला टी-४ म्हणतात, कारण त्यात आयोडिनचे चार अणू असतात. त्यातला एक अणू काढला की टी-३ होतो, आणि खरे काम करतो तो हा टी-३. हे शेवटचे काम शरीरात ज्या ठिकाणी होते त्यांत यकृत हे एक मोठे खाते आहे. शिवाय हा माल रक्तातून वाहून नेणारी जी प्रथिने आहेत, ते हमालही यकृतच तयार करते. यकृताला दाह झाला की हमालांची संख्या वाढते. मग रक्तातला एकूण टी-४ जास्त दिसतो, पण तो हमालांच्या डोक्यावरचा बोजा असतो. पेढीत उतरलेला माल तेवढाच असतो. म्हणून अशा रोग्याची तपासणी करताना मोकळा टी-४ आणि टीएसएच पाहावा लागतो. उलट सिऱ्हॉसिस बळावला की टी-३ कमी दिसतो, ग्रंथी निरोगी असली तरी.

दुसरा संबंध शरीराच्या संरक्षक दलाचा आहे. दीर्घकाळ शत्रूशी झुंजणारे हे दल कधी कधी घरच्याच माणसांवर हत्यार उगारते. थायरॉइडवर असा हल्ला होतो तेव्हा रक्तात त्या ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे सापडतात. इटलीतील संशोधकांनी २००४ साली हेपॅटायटिस सी झालेल्या, पण सिऱ्हॉसिस नसलेल्या व उपचार न घेतलेल्या ६३० जणांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांच्यात शंभरांतल्या सुमारे तेरा जणांची ग्रंथी मंदावलेली आढळली. तुलनेला घेतलेल्या इतर गटांत, हेपॅटायटिस ‘बी’च्या रोग्यांतसुद्धा, हे प्रमाण बरेच कमी होते. म्हणजे औषध पोटात जाण्यापूर्वीच काहींच्या ग्रंथीला धक्का लागलेला असतो.

तिसरा संबंध खुद्द औषधाने जोडला. १९९१ पासून या रोगावर इंटरफेरॉनची इंजेक्शने देण्यात येऊ लागली. इंटरफेरॉन हे संरक्षक दलाला चेतवणारे द्रव्य. सुरुवातीला आठवड्यातून तीनदा, पुढे सुधारलेल्या जातीचे एकदा, असे सहा महिने ते वर्षभर इंजेक्शन घ्यावे लागे. ताप, अंगदुखी, खिन्नता सोसून रोगी तग धरी. चेतवलेले दल मग थायरॉइडवरही तुटून पडे, आणि हे द्रव्य ग्रंथीच्या पेशींना थेट इजाही करी. उपचार घेणाऱ्यांत शंभरांतल्या चाळीसपर्यंत लोकांत प्रतिपिंडे आढळत, आणि पाच ते पंधरा जणांना उघड रोग होई. स्त्रियांना आणि ज्यांच्या रक्तात प्रतिपिंडे आधीच होती त्यांना धोका अधिक. औषध थांबल्यावर पुष्कळांची ग्रंथी सावरे. काहींची कायमची मंदावली.

येथे आमच्या अनुभवातली एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. आमच्या सभासदांपैकी एका बाईंनी वर्षभर ही इंजेक्शने घेतली, यकृत सुधारले, आणि तरीही त्यांचे हातपाय उचलेनात. मुकादमाने कामचुकार म्हणून शेरा मारला, घरच्यांनी ‘आता काय झालंय तुला?’ असे विचारले. टीएसएचची साधी चाचणी झाल्यावर कळले की ग्रंथी जवळजवळ बंद पडली आहे. रोज सकाळी उपाशीपोटी एक स्वस्त गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत बाई पूर्ववत कामाला लागल्या. थकवा हा यकृताच्या रोगातही असतो आणि थायरॉइडच्या रोगातही. दोन्ही तपासल्याखेरीज कुणालाही आळशी ठरवण्याचा हक्क मुकादमाला नाही, आम्हालाही नाही.

उलट बाजूचाही विचार हवा. ग्रंथी अधिक काम करू लागली तर प्रोपिलथायोयुरासिल नावाचे एक औषध देतात. त्याने क्वचित यकृताला भयंकर इजा होते. म्हणून आधीच यकृत दुखावलेल्या माणसाने आपला पूर्वेतिहास डॉक्टरला न विचारता सांगावा. दोन दवाखान्यांचे कागद एकाच पिशवीत ठेवावेत, हा आमचा सर्व सभासदांना सल्ला असतो.

सुदैवाने आता इंटरफेरॉनचे दिवस मागे पडले. २०१३ च्या डिसेंबरात अमेरिकेत सोफोसबुव्हिर या गोळीला मान्यता मिळाली. तिच्याबरोबर दुसरी गोळी जोडून रोज घेतली की बहुतेक रोगी बारा आठवड्यांत बरे होतात. शंभरांत पंचाण्णवांहून अधिक. थायरॉइडला इंटरफेरॉनमुळे होणारा धोका त्यात नाही. पण अमेरिकेतली त्या वेळची किंमत ऐका: एका गोळीला एक हजार डॉलर, बारा आठवड्यांना चौऱ्याऐंशी हजार! २०१४ साली मूळ कंपनीने भारतातील औषध कारखान्यांना परवाने दिले, आणि २०१५ पासून येथील कामगारांच्या हातून तीच गोळी किमतीच्या अत्यल्प अंशात बाहेर पडू लागली. २८ जुलै २०१८ रोजी केंद्र सरकारने राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. त्याखाली सरकारी केंद्रांत तपासणी व औषध मोफत मिळते.

सामुदायिक प्रयत्नाने काय होऊ शकते याचे उदाहरण इजिप्तने घालून दिले. तेथे १९५० च्या दशकापासून १९८० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत कालव्यांच्या पाण्यातून होणाऱ्या कृमिरोगावर खेड्यापाड्यांत शिरेतून इंजेक्शने देण्यात आली. सुया-पिचकाऱ्या नीट निर्जंतुक होत नसत. हेतू चांगला होता, परंतु नाईलच्या काठच्या शेतकऱ्यांमध्ये हेपॅटायटिस सी पसरला तो या मोहिमेतूनच. २००८ च्या पाहणीत पंधरा ते एकोणसाठ वयाच्या लोकांपैकी शंभरांत जवळजवळ पंधरांच्या रक्तात त्याची खूण मिळाली. त्याच देशाने २०१८-१९ मध्ये सात महिन्यांत सुमारे पाच कोटी लोकांचे रक्त तपासले आणि बाधितांना फुकट औषध दिले. सुईने केलेला अपराध राज्यसंस्थेने गोळीने निस्तरला.

शेवटी व्यवहारातल्या चार गोष्टी. पहिली: प्रतिपिंडाची चाचणी होकारात्मक आली म्हणजे रोग आहेच असे नव्हे. बरे झालेल्याच्या रक्तातही ती खूण वर्षानुवर्षे राहते. विषाणू हजर आहे की नाही हे आरएनएची चाचणी सांगते. भरतीच्या वेळी नुसत्या पहिल्या कागदावर कुणाला नापास करीत असतील तर तेथे युनियनने उभे राहिलेच पाहिजे. आम्ही अशा एका तरुणासाठी दुसरी चाचणी करवून घेतली, विषाणू नव्हता, आणि त्याचे नाव हजेरीपटावर चढले. दुसरी: एकदा बरे झालेल्याला पुन्हा लागण होऊ शकते, आणि या रोगाला लस नाही. सुई नवीच हवी. तिसरी: ज्याला सिऱ्हॉसिस झाला त्याचा विषाणू गेला तरी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, कारण कर्करोगाचे भय पुरते जात नाही. चौथी: ज्यांनी पूर्वी इंटरफेरॉन घेतले आणि ज्यांना अजून उगाचच थकवा वाटतो, त्यांनी थायरॉइड तपासून घ्यावी.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा रोग आहे, आणि त्यांतल्या पुष्कळांना त्याचा पत्ताच नाही. २०२२ साली सुमारे दोन लाख बेचाळीस हजार माणसे त्याने मेली. औषध आहे, ते सरकारी केंद्रात फुकटही आहे. मध्ये उभे आहेत ते अज्ञान, लाज आणि बुडणारा रोज. अज्ञान घालवायला अशा व्याख्यानमाला आहेत. लाज घालवणे शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हाती आहे. आणि तपासणीच्या दिवसाचा रोज कापला जाऊ नये, एवढे काम आमच्यासारख्यांच्या अंगावर आहे. ते आम्ही पुढच्या करारात मागणार आहोत.