दाराआतली माणसं (लेखांक ९) : हुजऱ्याचा उंबरठा

गेल्या खेपेला एडिंबरोहून परत फिरताना पेशव्यांच्या मुदपाकखान्यात शिरायचं कबूल केलं होतं. ते या आठवड्यात होणार नाही. आचारी आणि पाणके अजून थोडे थांबतील, कारण ओतूरच्या एका वाचकांचं पत्र आलंय आणि ते बाजूला ठेवावंसं वाटत नाही. ते लिहितात, ‘‘स्कॉटलंडच्या राणी मेरीचा तो गाणारा चाकर रिझिओ चिटणीस झाला आणि जिवाला मुकला, हे तुम्ही रंगवून सांगितलंत. पण आपल्याच डोंगरांत वावरलेला एक हुजऱ्या पेशवाईचा कारभारी झाला, त्याचं नाव घ्यायला तुम्ही एवढे का लाजता?’’

लाजत नाही. त्रिंबकजी डेंगळे हा विषय मी मुद्दाम मागे ठेवला होता, कारण तो एकदा सुरू झाला की आवरत नाही. आता ओतूरकरांनीच काढलाय, तर होऊन जाऊ दे.

आधी हुजऱ्या काय करायचा ते पाहू. शनिवारवाड्यातल्या चाकरमाणसांचं खातं मोठं. फरासखाना बैठकी आणि तंबू सांभाळणार, आबदारखाना पाणी, जामदारखाना कपडालत्ता आणि चीजवस्त, पीलखाना हत्ती. पुण्याच्या फरासखाना पोलीस चौकीच्या नावात त्यातलं एक खातं अजून टिकून आहे. ही सगळी खाती कामाने बांधलेली होती. हुजऱ्या मात्र माणसाला बांधलेला. धनी जिथे, तिथे तो. धनी उठला की तस्त आणि पाण्याचा तांब्या, बैठकीला बसला की मागे चवरी, बाहेर निघाला की जोडे, पालखीत बसला की पालखीला लागून चालायचं. रात्री दाराशी पथारी. दिवाणखान्यातला निरोप आत न्यायचा आणि आतला बाहेर आणायचा.

एक अडचण मात्र पेशव्यांच्या घरात होती, ती राणी मेरीच्या होलीरूडच्या राजवाड्यात नव्हती. ती सोवळ्याची. स्नान, संध्या, पूजा, भोजन या वेळांना मराठा-कुणबी हुजऱ्याला दूर उभं राहावं लागे. तिथे पाणी देणारा, पाट मांडणारा माणूस ब्राह्मणच हवा. म्हणजे एकाच धन्याच्या अंगाजवळ दोन तऱ्हेची माणसं, आणि दिवसातून कितीदा तरी एकाने मागे सरायचं आणि दुसऱ्याने पुढे यायचं. फ्रान्सच्या दरबारात राजाचा सदरा कुणी हातात द्यायचा यावरून सरदारांची मानापमानाची भांडणं होत, आपल्याकडे तो प्रश्न सोवळ्या-ओवळ्याने आधीच सोडवून ठेवला होता. सोडवला तो चांगला, असं माझं म्हणणं नाही.

चोपदाराशी हुजऱ्याची गल्लत करू नका. चोपदार चांदीची काठी घेऊन सर्वांसमोर ललकारतो, त्याचं काम दिसण्याचंच. हुजऱ्याचं काम न दिसण्याचं. तलब बेताची, आणि तीही वेळेवर हातात पडेल याची शाश्वती नाही. वर अंगावरचं जुनेर, सणाला पोस्त, आणि धनी खूश झाला तर एखादं कडं किंवा शेला. मग लोक ही चाकरी धरून का ठेवत? कारण धनी या घटकेला एकटा आहे की नाही, त्याचा राग उतरला की नाही, हे दिवाणाला ठाऊक नसायचं आणि हुजऱ्याला ठाऊक असायचं. अर्ज घेऊन महिनाभर खेटे घालणाऱ्या माणसाला या माहितीची किंमत कळे. ती किंमत तो हुजऱ्याच्या हातावर ठेवी. वाड्यातला हा व्यवहार जमाखर्चात कुठे सापडणार?

या जवळिकीला दुसरी बाजू होती, आणि ती पाहायला ३० ऑगस्ट १७७३ला, गणपतीच्या दिवसांत, शनिवारवाड्यात जावं लागतं. थकलेल्या पगारासाठी गारदी वाड्यात घुसले आणि पेशवे नारायणराव चुलते रघुनाथरावांच्या महालाकडे धावले, हे शाळेतल्या पोरालाही माहीत आहे. काकाला मारलेली ती हाक तर नाटक-सिनेमांनी घराघरात पोचवली. पण त्या खोलीतल्या दोन चाकरांकडे कुणी नीट बघत नाही. नारायणराव रघुनाथरावांना मिठी मारून बसले होते, तेव्हा त्यांचे पाय धरून ओढणारा तुळाजी पवार हा रघुनाथरावांचा खासगीतला चाकर होता. आणि नारायणरावांच्या अंगावर स्वतःला झोकून देणारा चाफाजी टिळेकर हा नारायणरावांचा. हातात शस्त्र नाही, अंगात चिलखत नाही. धन्याने त्याच्या गळ्याला मिठी घातली आणि गारदी सुमेरसिंग नि तुळाजीच्या तलवारींनी दोघेही एकत्रच गेले.

राणी मेरीचा नवरा डार्नली याच्याबरोबर बागेत मेलेला त्याचा चाकर विल्यम टेलर आठवतोय ना? १५६७चा तो टेलर आणि १७७३चा चाफाजी यांना एकमेकांच्या शेजारी बसवायला मला फार आवडेल. दोघांनाही त्या घटकेला पळून जाता आलं असतं, त्यांच्यावर कुणाचा डोळा नव्हता. सुमेरसिंगाचं नाव बखरीपासून कादंबरीपर्यंत सगळीकडे आहे, चाफाजीच्या नावाची पाटी मला कुठेच दिसली नाही. वाड्यात हजार कारंजी उडायची म्हणून पर्यटकांना सांगतात, तिथेच हेही सांगायला काय हरकत आहे? असो. तुळाजीला पुढे नाना फडणविसांच्या कारभारात देहान्त शिक्षा झाली, तेवढा हिशेब मात्र पुरा झाला.

आता ओतूरकरांकडे वळतो, पण वळण शिवनेरीवरून आहे.

दुसरे बाजीराव हे त्याच रघुनाथरावांचे चिरंजीव. जन्म जानेवारी १७७५चा, धारचा. बाप परागंदा असताना झालेलं मूल. त्यांचं सगळं कळतेपण पहाऱ्यात गेलं : आधी कोपरगाव, मग नाशिकजवळचं आनंदवल्ली. आई आनंदीबाई १७९४च्या मार्चमध्ये वारली आणि नाना फडणविसांनी तिन्ही भावांना, म्हणजे अमृतराव, बाजीराव आणि चिमाजीअप्पा यांना, आपल्या शिवनेरीवर आणून ठेवलं. जुन्नरकरांना शिवनेरी म्हटलं की एकच जन्म आठवतो, आणि ते योग्यच आहे. पण शेवटचा पेशवाही दोनेक वर्षं याच गडावर नजरकैदेत होता, हे आपल्याकडे सहसा कुणी सांगत नाही.

गडावर काय झालं पाहा. पहाऱ्यावरचा अधिकारी बळवंतराव नागनाथ. एकोणीस-वीस वर्षांच्या बाजीरावांनी हळूहळू त्याला वश केलं, आणि पुण्यातल्या पेशवे सवाई माधवरावांशी चोरून पत्रव्यवहार सुरू झाला. आशय असा, की मी जुन्नरला कैदेत आणि तुम्ही पुण्यात, पण मनाने तर आपण मोकळे आहोत. नानांना सुगावा लागला. बळवंतरावाला बेड्या पडल्या, सवाई माधवरावांना बोलणी बसली, शिवनेरीवरचा पहारा आवळला गेला. १७९५च्या ऑक्टोबरात सवाई माधवराव वाड्याच्या सज्जातून पडून गेले आणि पुढच्या वर्षाच्या डिसेंबरात बाजीराव पेशवे झाले.

दुसऱ्या बाजीरावांचा कारभार वाचताना मला या गडावरच्या पहाऱ्याची पुन्हा पुन्हा आठवण येते. ज्याने वयाची विशी दुसऱ्यांच्या नजरेखाली काढली, त्याला मुत्सद्दी म्हणजे तुरुंगाधिकारी वाटणार आणि दाराशी उभा असलेला माणूस म्हणजे सुटकेची वाट. नानांसारख्या कारभाऱ्याने त्यांना कोंडलं, आणि पहाऱ्यावरच्या एका माणसाने त्यांचं पत्र बाहेर नेलं. विश्वास कुणावर टाकायचा हे त्यांनी शिवनेरीवर ठरवून टाकलं, असं माझं मत आहे. इतिहासकार याला नादानपणा म्हणतात. मला त्यात नादानपणापेक्षा शिकवण जास्त दिसते.

अशा धन्याला त्रिंबकजी भेटला. गाव निमगाव जाळी, संगमनेरकडचं. आण्याचा घाट उतरून बेल्हे, आळेफाटा करत नाशिक रस्त्याला लागलं की हा मुलूख काही लांब नाही. मूळचा जासूद. १८०२च्या ऑक्टोबरात होळकरांनी हडपसरला पेशव्यांची फौज मोडली आणि बाजीराव महाडकडे पळाले. तिथून एक पत्र पुण्याला पोचवून त्याचं उत्तर आणायचं होतं. त्रिंबकजीने ते इतक्या थोड्या अवधीत आणलं, की बाजीरावांनी त्याला आपल्या खासगीतल्या चाकरीत घेतलं. मधे सह्याद्रीचे घाट, रस्त्यात होळकरांचे स्वार! या एका फेरीवर पुढची सगळी इमारत उभी आहे.

खासगीतून सरकारी कामात त्याचा शिरकाव कसा झाला असेल, ते हुजऱ्याचं काम ध्यानात घेतलं की कोडं राहत नाही. निरोप नेणारा उत्तरही सुचवू लागतो. रिझिओचंही तसंच झालं : फ्रेंच पत्रं लिहायला माणूस हवा होता आणि हा खोलीत होताच. त्रिंबकजीकडे पुढे कर्नाटकाची सरसुभेदारी आली आणि इंग्रजांच्या पुण्याच्या रेसिडेन्सीशी बोलणीही तोच करू लागला. समोर कोण? रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, म्हणजे आठव्या लेखांकाच्या मुलखातलाच, स्कॉटिश सरदारघराण्यातला माणूस. इंग्रजी कागदांत त्रिंबकजीची पूर्वीची चाकरी पुन्हा पुन्हा उगाळलेली दिसते. हलका माणूस, हलकी अक्कल, असा सूर. त्या साहेबांच्या देशात राजाच्या शयनगृहातली चाकरी हा उमरावांचा मान होता, याची त्यांना कुणी आठवण करून द्यायला हवी होती.

त्रिंबकजी साधुपुरुष होता असा माझा दावा नाही. वसुलीत तो निर्दय होता. २० जुलै १८१५च्या रात्री पंढरपुरात गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन देवळातून परतताना मारले गेले, आणि एल्फिन्स्टनने बोट त्रिंबकजीकडे दाखवलं. बाजीरावांनी पुष्कळ आढेवेढे घेऊन शेवटी त्याला इंग्रजांच्या हवाली केलं. ठाण्याच्या किल्ल्यात कोठडी, बाहेर पहारा सगळा गोऱ्या शिपायांचा. देशी शिपाई फितूर होतील म्हणून ही खबरदारी.

आणि तिथेच इंग्रज फसले. किल्ल्यातल्या एका अंमलदाराकडे मराठा मोतद्दार होता. साहेबाचं घोडं फिरवायला तो रोज कोठडीच्या खिडकीखालून जायचा आणि जाता-येता गाणं म्हणायचा. गोऱ्या पहारेकऱ्यांना वाटलं, गातोय बिचारा. त्या गाण्यात पळून जाण्याचा सगळा बेत होता. १२ सप्टेंबर १८१६च्या अंधाऱ्या, पावसाळी रात्री त्रिंबकजीने भिंतीला पाडलेल्या भोकातून शौचकूपाच्या बाजूने वाट काढली, तटावरून दोराने खाली उतरला आणि पसार झाला. एका चाकराला दुसऱ्या चाकराने सोडवलं. घोड्यामागे चालणाऱ्या माणसाकडे कुणी बघत नाही, हे त्रिंबकजीइतकं आणखी कुणाला माहीत असणार! मोतद्दाराचं नाव इतिहासाने ठेवलेलं नाही. गाणं मात्र साहेबांमध्ये इतकं गाजलं, की बिशप हेबरने आपल्या प्रवासवर्णनात त्याची हकीकत लिहून ठेवली.

पुढचं वर्षभर तो नाशिक, संगमनेर, जुन्नरच्या डोंगराळ पट्ट्यात भिल्ल-रामोशी गोळा करत फिरला. बाजीराव वरवर त्याचा शोध घेत होते आणि आतून त्याला पैसा पुरवत होते, असा एल्फिन्स्टनचा आरोप. मे १८१७मध्ये त्याने त्रिंबकजीला पकडून देण्याची मुदत घातली आणि ओलीस म्हणून सिंहगड, पुरंदर आणि रायगड मागितले. बाजीरावांनी किल्ले दिले, माणूस दिला नाही. १३ जूनच्या पुणे तहाने उरलंसुरलं बळही गेलं. धनी चाकरासाठी इतकं गमावतो, याचं दुसरं उदाहरण मला मराठी इतिहासात आठवत नाही. ते प्रेम होतं, हट्ट होता, की चाकराला ठाऊक असलेल्या गोष्टींची भीती होती, हे ज्याने त्याने ठरवावं. मी तिसऱ्याकडे झुकतो, पण शिवनेरी आठवली की पहिल्याकडे परत येतो.

आणि आता, ओतूरकर, तुमचं उत्तर. होय, तो आपल्याच डोंगरांत वावरला. १८१७च्या डिसेंबरात खडकीच्या पराभवानंतर इंग्रजांच्या जनरल स्मिथला चकवत बाजीराव जुन्नर-ओतूरच्या टापूत आले, आणि त्याच सुमाराला त्रिंबकजी आपली माणसं घेऊन त्यांना उघडपणे येऊन मिळाला. लपाछपी संपली होती. तिथून फौज पुण्याकडे वळली आणि १ जानेवारीला भीमेकाठी कोरेगावला पोचली. पेशवे सह्याद्रीच्या घाटाघाटांतून पळत असताना वाटा माहीत असलेला माणूस जवळ असणं म्हणजे काय, हे माळशेज किंवा ब्राह्मणवाड्याचा डोंगर पायी चढलेल्याला सांगायला नको.

३ जून १८१८ला बाजीराव इंग्रजांकडच्या माल्कमच्या स्वाधीन झाले. हा जॉन माल्कमही स्कॉटिशच, काय करता! त्यांना सालीना आठ लाख रुपये आणि बिठूर मिळालं. त्रिंबकजीला माफी नव्हती. त्याच महिन्याच्या अखेरीस निफाडकडच्या अहेरगावी तो पकडला गेला आणि गंगेकाठच्या चुनारच्या किल्ल्यात त्याची रवानगी झाली. बिठूरही गंगेकाठीच, पण धन्याची आणि हुजऱ्याची गाठ पुन्हा कुणी पडू दिली नाही. हेबरने त्याला १८२४मध्ये चुनारला पाहिलं. १८२९मध्ये तो तिथेच वारला.

बेल्ह्याहून एकांनी विचारलंय, की वाड्यातल्या कुणबिणींना म्हातारपणी मोकळं करत, तेव्हा त्या कुठे जात? तो प्रश्न मुदपाकखान्याच्याही आधी घेतला पाहिजे. म्हणजे आचारी आणखी एक आठवडा खोळंबले.